पुरवणीचा दोरा

त्या दिवशी दुपारी माझ्या बायकोच्या शाळेतून फोन आला. ती वर्गात फळ्यासमोर पडली होती. मी लोह्याला पोचलो तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "गेल्या." मी बाकावर बसलो. माझ्या हातात तिची पर्स होती.

नांदेडला घरी आलो तेव्हा तिचा कॉम्प्युटर टेबलावर आडवा होता, एका अंगाचं झाकण काढलेलं. काही आठवड्यांपूर्वी लाईट कमी-जास्त झाली, आतून फट् असा आवाज आला आणि पॉवर सप्लाय जळाला. पॉवर सप्लाय म्हणजे कॅबिनेटच्या तळाशी बसणारा विटेएवढा लोखंडी डबा. भिंतीतली वीज घेऊन तो आतल्या प्रत्येक भागाला त्याच्या मापाची वीज पोचवतो. आमच्याकडे दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. नवा कोणता घ्यायचा हे तिनं ठरवलं होतं. घ्यायचा तेवढा राहिला होता.

माणसं येत गेली. बायका तिच्या खोलीत बसल्या. कुणीतरी त्या कॉम्प्युटरवर चादर टाकली.

"हे कुणाचं हाय?" एकीनं विचारलं.

"सरांचं असंल."

मी दारात उभा होतो. माझा राग तिथून सुरू झाला.

तो कॉम्प्युटर तिचा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती गणित शिकवायची, आणि घरी आल्यावर, चहा घेऊन, वह्या तपासून झाल्यावर ट्रक चालवायची. ट्रक चालवण्याचा एक गेम असतो. परदेशातले लांबलचक रस्ते, मोठमोठे ट्रक, या गावातून माल उचलायचा आणि त्या गावात पोचवायचा. झोप आली तर ट्रक बाजूला लावून झोपायचं, डिझेल संपत आलं तर पंप शोधायचा. गोळीबार नाही, शर्यत नाही. तिच्या शेजारी खुर्ची टाकून मी वाचत बसायचो. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. घरीही माझ्या हातात पुस्तकच असतं. ती मधूनच सांगायची, "आज लाकूड नेतेय," किंवा "हा घाट बघा ओ, आपल्या बालाघाटासारखा नाही, बर्फ आहे सगळा." मी मान वर करून बघायचो. कधी नुसतंच "हं" म्हणायचो, तर ती हॉर्न वाजवायची.

तिला गाडी चालवता येत नव्हती. माहेरी कुणी शिकवली नाही आणि आमच्याकडे गाडीच नव्हती. लोह्याला ती एसटीनं जायची, ड्रायव्हरच्या मागचं बाक पकडून, त्याच्या गिअरवर डोळा ठेवून. संध्याकाळी येऊन मला सांगायची की आजच्या ड्रायव्हरनं उतारावर गिअर काढला होता, त्याला समज द्यायला पाहिजे.

नातेवाइकांना हे कळलं तेव्हा हसायला विषय मिळाला. "ड्रायव्हरीण" हे नाव पडलं. एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, माझ्या नात्यातली एक वहिनी मोठ्यानं म्हणाली, "लेकरू न्हाई म्हणल्यावर टाइमपास कायतरी पायजेच की माणसाला."

तिनं पोळीचा घास मोडला. म्हणाली, "वहिनी, तुम्हाला दोन लेकरं हायेत. तरी दिवसभर फोनवर रंगीत गोळ्या फोडत बसताव. मी निदान माल तरी पोचवते."

पंगत हसली. तीही हसली. घरी आल्यावर तिनं त्या दिवशी ट्रक चालवला नाही.

पॉवर सप्लाय जळण्याच्या आदल्या दिवशी तिनं लाकडाचा माल एका बंदरापर्यंत नेला होता. तिथून ट्रक बोटीत चढवून समुद्रापलीकडे न्यायचा होता. ट्रक बोटीत बसतो, याचं तिला फार अप्रूप वाटलं. लातूर-नांदेडच्या माणसाला समुद्र म्हणजे सहलीची गोष्ट, आणि त्यात ट्रकसकट बोट. तिनं ट्रक धक्क्यावर नीट उभा केला, हँडब्रेक लावला. "आज इथंच झोपते," ती म्हणाली. "उद्या बोट." आणि कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी तो सुरू करता करता डबा जळाला. ट्रक धक्क्यावरच राहिला.

मग तिची निवड सुरू झाली. पेपर तपासावेत तशी ती पॉवर सप्लाय तपासायची. संध्याकाळी एकेका डब्याबद्दल वाचायची, ते उघडून दाखवणारे व्हिडिओ बघायची आणि मार्क कापत जायची. एकाचे नुसते दिवे छान होते, तो नापास. एकाच्या वायरी इतक्या ताठ की आमच्या कॅबिनेटच्या मागच्या चिंचोळ्या जागेत वळल्याच नसत्या, तोही नापास. एकावर वॉटचा आकडा मोठा छापलेला होता. "आकडा मोठा लिहिला म्हणून पोरगं हुशार होतं का?" ती म्हणाली. "किती वेळ तेवढी वीज देतो, ते बघायचं. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट कशी येते-जाते, ते त्या लिहिणाऱ्याला काय माहीत." इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर वीज तुटते, तेवढा दम डब्यानं धरला पाहिजे, ही तिची अट. बिघडला तर पाठवायचा कुठं, हाही प्रश्न होताच. मराठवाड्यात सर्व्हिस सेंटर आहे म्हणून एका कंपनीनं सांगितलं. तिनं फोन लावला तर तिकडून कुणी उचललाच नाही. शून्य मार्क.

तिला पूर्ण मॉड्युलर हवा होता. मॉड्युलर म्हणजे ज्याच्या वायरी डब्याला कायमच्या जोडलेल्या नसतात. लागतील तेवढ्याच लावायच्या, उरलेल्या सोबत आलेल्या पिशवीत ठेवायच्या. जळालेला डबा अर्धा मॉड्युलर होता, तिच्या भावानं लातूरहून जुना दिलेला. मुख्य वायरी त्याला चिकटलेल्या, फक्त डिस्कची आणि ग्राफिक कार्डची वायर सुटी. त्या दोन वायरी तिनं कॅबिनेटच्या मागच्या अंगानं, कुणाला दिसणार नाही अशा जागी, इतक्या सरळ नेल्या होत्या की पट्टीनं आखल्यासारख्या वाटाव्यात. आणि त्या बांधल्या होत्या पांढऱ्या दोऱ्यानं. परीक्षेत उत्तरपत्रिकेला पुरवणी बांधायला देतात तो दोरा. तिच्याकडे त्याचं रीळ नेहमी असायचं. गाठही तीच, पुरवणीची.

एकदा मी तिला विचारलं, "मग नुसता डबाच बदल ना. वायरी बांधलेल्या आहेतच."

ती चमकून वळली. "असं चुकूनही करायचं नाही. डिस्कच्या टोकाला सगळ्या वायरी सारख्या, तिथं नियम आहे. डब्याच्या टोकाला नियम नाही. खाच सारखी दिसते, पण कोणत्या पिनेत कोणती वीज, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. ह्याची वायर त्याला लावली की पाचच्या जागी बारा व्होल्ट जातात आणि डिस्क जळते."

"आणि लोक लावतात?"

"लावतात की. घुसतंय म्हणून लावतात."

हे तिचं वाक्य मला अक्षरन् अक्षर आठवतं, कारण ती ते वर्गात बोलतात तसं बोलली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आमच्याच गल्लीत मांडव घालून केला. त्रिशरण, पंचशील झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं. तिचे मुख्याध्यापक आदर्श शिक्षिका म्हणाले, शेजारचे काका आदर्श गृहिणी म्हणाले. ती काय होती हे सगळ्यांना माहीत होतं, आणि जे माहीत नव्हतं ते कुणी विचारत नव्हतं. मग तिच्या भावानं माईक घेतला. तो तिच्याहून लहान. लातूरला क्लासेसच्या भागात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे: दुरुस्ती, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. रडून त्याचा आवाज बसला होता.

"आक्का ज्या अभ्यासिकेत शिकून मोठी झाली," तो म्हणाला, "लातूरला आमच्या वस्तीतली, बुद्धविहाराची, त्या अभ्यासिकेला आक्काचा कॉम्प्युटर दान द्यायचं आम्ही ठरवलेलं हाय. तिच्या स्मरणार्थ."

टाळ्या नाहीत, पण मांडवातून "साधू, साधू" असा आवाज उठला.

आम्ही म्हणजे कोण? मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्यात ही पद्धत आहे आणि ती चांगली आहे. माणूस गेलं की त्याच्या नावानं विहाराला पंखा द्यावा, पुस्तकं द्यावीत, पाण्याची टाकी द्यावी. माझ्या वडिलांच्या नावानं मी पुस्तकांचं कपाट दिलेलं आहे. पण ते मी दिलं होतं. इथं माईकवरून माझ्या घरातली वस्तू माझ्यासमोर देऊन टाकली, आणि समोर बसलेली माणसं माना डोलवत होती. शिकणाऱ्या पोरांच्या तोंडचा कॉम्प्युटर काढून घेणारा माणूस मांडवात उभा राहून काय बोलणार? मी खाली बघत राहिलो. लोकांना वाटलं, मी दुःखात आहे.

खिरीचं जेवण झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"मला विचारायचं होतंस."

"दाजी, तुम्ही न्हाई म्हणला असताव का?"

"ते मी ठरवलं असतं."

"तुमचं पुस्तकावर भागतंय की. तुम्हाला काय करायचाय कॉम्प्युटर?"

मी म्हणालो, "देऊ. पण आधी तो तिनं निवडलेल्या पॉवर सप्लायवर सुरू करायचा. माझ्यासमोर. मी आतलं बघणार आणि मग त्यातली डिस्क काढून घेणार. डिस्क माझी."

"डिस्कमधी काय हाय?"

"तिचा ट्रक आहे. धक्क्यावर उभा आहे."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोकं फिरलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. "हाव दाजी, हाव. घेऊन या लातूरला. दहा मिनटाचं काम हाय."

मला तो ट्रक चालवायचा नव्हता. मला ते येतही नाही. मला फक्त बघायचं होतं, तिनं शेवटचा कुठं उभा केला, कुठल्या बाजूला तोंड करून. माणूस गेल्यावर त्याची चप्पल जिथं काढलेली असते तिथंच राहू द्यावी वाटते. तिची चप्पल बायकांनी पहिल्याच दिवशी झाडताना उचलून ठेवली होती. हे एवढंच जागेवर होतं.

तिनं ठरवलेला डबा घ्यायला मी नांदेडच्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानदारानं विचारलं, "पोरासाठी का सर?"

"नाही."

"मग ऑफिसला साधा लावा की. हे मॉड्युलर-फिड्युलर गेमवाल्या पोरांचं याड हाय."

"माझ्या बायकोचा आहे."

तो हसला. "मॅडम गेम खेळतात? मग आणा की मॅडमला. त्यांनाच दाखवतो, हा बघा, ह्याच्यात लाईट बी हाय, रंग बदलतोय."

मी दुकानातून बाहेर पडलो. दुसऱ्याकडं नुसतं नाव सांगितलं. तो म्हणाला हा नाही, पण ह्याच्यासारखाच हा घ्या. मी म्हणालो, ह्याच्यासारखा नको, हाच पाहिजे. तिसऱ्यानं हैदराबादहून मागवून दिला. खोका घरी आणून उघडला. फडक्याच्या पिशवीत वायरी होत्या, एक छोटी पुस्तिका होती. मी पुस्तिका वाचली; छापलेलं वाचायचं ही माझी सवय आहे. पहिल्याच पानावर चौकटीत, ठळक अक्षरात लिहिलेलं होतं की सोबत दिलेल्याच वायरी वापराव्यात, दुसऱ्या पॉवर सप्लायच्या वायरी वापरल्यास यंत्राचं नुकसान होईल. तिचंच वाक्य, कंपनीच्या भाषेत.

कॅबिनेट चादरीत गुंडाळून मी लातूरच्या बसमध्ये बसलो. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट लागंल सर." मी काढलं. ड्रायव्हरच्या मागचं बाक मिळालं. लोह्याच्या स्टँडवर बस थांबली, माणसं चढली-उतरली, बस निघाली. मी खिडकीबाहेर बघितलं नाही. ड्रायव्हरच्या गिअरकडं बघत राहिलो.

मेहुण्याचं दुकान भरलेलं होतं. क्लासची पोरं झेरॉक्सला रांग लावून उभी. सासूबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. लेक गेल्यापासून त्या घरी एकट्या बसत नव्हत्या, दुकानात येऊन कोपऱ्यात बसायच्या. मेहुण्यानं टेबल रिकामं केलं, कॅबिनेट ठेवलं, जुना डबा स्क्रू काढून ओढून घेतला. मग मागचं झाकण उघडलं आणि थांबला.

"आक्कानं बांधलंय हे?"

"हो."

त्यानं पेचकस खाली ठेवला. "आये, इकडं ये."

सासूबाई आल्या. वाकून बघितलं. काळ्या वायरीवर पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी, एका अंतरानं, एका मापाच्या. त्यांनी एका गाठीवर बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.

"लहानपणी वह्या आशाच बांधायची," त्या म्हणाल्या. "तिच्या हातच्या गाठी हायेत. सोडू नको रे."

"न्हाई सोडत."

मी म्हणालो, "त्या वायरी जुन्या डब्याच्या आहेत. नव्याला नव्याच लावाव्या लागतील."

"दाजी, वायर वायरच असती."

"नसते. हे बघ, इथं छापलंय." मी पुस्तिका उघडून त्याच्या समोर धरली, बोट ठेवलं.

त्यानं बघितलं नाही. "कंपनीवाले सगळंच छापतेत. त्यांच्या वायरी खपल्या पायजेत की."

"तिनंच मला सांगितलं होतं."

"आक्का गणिताची मास्तरीण होती. मी ह्याच धंद्यात हाय." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही कामून जीवाला घोर लावून घ्यायलाव? बघा, कार्डाची वायर. ही बसतच न्हाई. म्हणजे ही नवी टाकू. मोठ्या वायरी बी नव्याच. राहिली ही डिस्कची. ही बघा."

तिनं सरळ नेलेल्या, तिच्या गाठींनी बांधलेल्या वायरीचं मोकळं टोक त्यानं नव्या डब्याच्या खाचेत दाबलं. टक् असा आवाज झाला.

"घुसली की."

मी म्हणालो, "थांब. सुरू करू नको. जिथून घेतला त्या दुकानदाराला मी विचारतो." झेरॉक्सच्या आवाजात आत काही ऐकू येत नव्हतं. मी बाहेर येऊन फोन लावला. दोनदा कुणी उचलला नाही, तिसऱ्यांदा तिकडं रिंग वाजत होती. आतून मेहुण्याचा आवाज आला.

"दाजी! चालू झाला!"

मी वळलो. पंखे फिरत होते. कार्डावरचा दिवा लागला होता. सासूबाईंनी हात जोडले होते. मग वास आला. जळक्या प्लास्टिकचा, थोडासाच. पोरांपैकी एकजण म्हणाला, "भैया, कायतरी जळायलंय." पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरात आलं की सुरू करायला डिस्क सापडत नाही.

त्यानं बटण बंद केलं. डिस्क काढली. हाताला चटका बसला म्हणून टेबलावर टाकली. आणि मग तो जे म्हणाला ते मी विसरणार नाही.

"डिस्कच जुनी झाली असंल."

मी आवाज चढवणारा माणूस नाही. ग्रंथालयात पोरांना गप्प करायलाही मी बोट ओठांवर ठेवतो. पण त्या दिवशी मी त्या दुकानात, त्या पोरांसमोर ओरडलो.

"तिनं सांगितलं होतं! मी सांगितलं! छापलेलं होतं! अजून कुणी येऊन सांगायला पाहिजे होतं तुला?"

झेरॉक्सचं यंत्र चालूच होतं. कुणी ते बंद केलं नाही.

"मी काय मुद्दाम केलं का दाजी?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्काच्या गाठी सोडवना मला. माझी बहीण होती ती."

"मग तिचं ऐकायचं होतंस."

"आता गेमच तर होता त्यात..."

तो पुढं काही बोलणार होता, पण सासूबाईंनी त्याच्या दंडाला धरलं. गेमच तर होता. हे तो एकटाच म्हणत नव्हता. लग्नाच्या पंगतीपासून सगळे हेच म्हणत होते, फक्त आता ते रडत म्हणत होते.

मी टेबलापाशी गेलो आणि गाठी सोडवायला लागलो. पुरवणीची गाठ घट्ट असते, नखानं उचलावी लागते. सासूबाई बघत होत्या. त्यांनी अडवलं नाही. एकेक दोरा सुटला तसा मी खिशात ठेवला. जुनी वायर ओढून काढली. फडक्याच्या पिशवीतून डिस्कची नवी वायर काढली आणि मी स्वतः लावली. कुठल्या खाचेत, ते पुस्तिकेत चित्र होतं. मेहुण्यानं न विचारता दुकानातली, विंडोज टाकून ठेवलेली नवी डिस्क आणून ठेवली. ती घातल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला, बिनतक्रार. नव्या डब्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. तिची निवड बरोबर होती.

कॉम्प्युटर मी दिला. पोरांचा काही दोष नव्हता आणि माईकवर शब्द गेला होता. अभ्यासिकेत त्यावर एक पाटी लावली आहे: कालकथित, पुढे तिचं नाव, आदर्श शिक्षिका यांच्या स्मरणार्थ. ती ट्रक चालवायची हे पाटीवर नाही.

जळालेली डिस्क मी पुण्याला पाठवली, मग हैदराबादला. आतलं काढता येत नाही, असं दोन्हीकडून उत्तर आलं. घरच्या नेटचा भरवसा नव्हता म्हणून ती सगळं डिस्कवरच ठेवायची, दुसरीकडे कुठं काही नाही.

मेहुण्याचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत. माझ्याच नात्यातल्या एकानं मला घरी येऊन समजावलं, "एवढ्याशा गेमपायी माणूस तोडावं का? त्यानं मायेनंच केलं." मायेनंच केलं, हे मला माहीत आहे. राग त्याचाच आहे. तिनं बांधलेल्या दोऱ्याला हात लावायची त्यांची छाती झाली नाही. तिनं सांगितलेली गोष्ट मात्र त्यांना ओलांडता आली, आणि ओलांडताना काही वाटलं नाही. ती जिवंत असताना तिच्या हातचं जेवण, तिच्या हातचं अक्षर, तिच्या हातचं विणकाम सगळ्यांना आवडायचं. ती काय म्हणते ते कुणी मनावर घ्यायचं नाही. गेल्यावरही तेच झालं. मला लोक सांगतात, राग धरू नये, धम्मात राग हे विष सांगितलंय. मीही ते वाचलेलं आहे. वाचलेलं सगळंच लगेच जमत नाही.

एकदा सासूबाईंचा फोन आला, शेजारच्या मुलीच्या फोनवरून. तो मी घेतला.

"बापू," त्या म्हणाल्या, "ते काय होतं ओ तिचं? ट्रक म्हणत होतात तुम्ही."

मी त्यांना सांगितलं. लाकूड भरलेला ट्रक, समुद्राचा धक्का, दुसऱ्या दिवशीची बोट. शेवटी त्यांनी विचारलं, "आन ती चालवायची व्हय एवढा मोठा?"

"हो."

"मला कधी सांगितलं न्हाई तिनं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी बी कधी इचारलं न्हाई."

अभ्यासिकेवाल्यांनी मध्यंतरी निरोप धाडला की पॉवर सप्लायच्या उरलेल्या वायरी द्या, इथं दुसरा एक कॉम्प्युटर बंद आहे, त्याला उपयोगी पडतील. मी नाही म्हणून कळवलं. या वायरी दुसऱ्या कुठल्याही डब्याला लावायच्या नाहीत, हेही लिहून कळवलं. त्यांना मी चिक्कू वाटलो असेन.

कॉम्प्युटर लातूरला आहे आणि चालतो. नांदेडला माझ्या टेबलाच्या खणात त्याच्या उरलेल्या वायरींची पिशवी आहे, तिची जळालेली डिस्क आहे आणि दोऱ्याचे तुकडे आहेत.